घाटनांदूरपुढची खूण

आमच्या संगणक वर्गातल्या कॉम्प्युटरना गावांची नावं होती. दाराजवळचं धारूर, त्याच्या शेजारी चौसाळा, मग नेकनूर, तेलगाव, सिरसाळा असं करत सोळा. खिडकीखाली शेवटून दुसरं होतं ते घाटनांदूर. आधी मी एक ते सोळा आकडे टाकले होते, पण मग सगळ्यांना एक नंबरच हवा असायचा आणि तेराला कुणी बसायचं नाही. म्हणून पोरं ज्या गावांहून येत त्या गावांच्या चिठ्ठ्या लिहून पडद्यांवर चिकटवल्या. भांडणं मिटली. ज्याचं त्याचं गाव ठरलं. कोपऱ्यातल्या वेगळ्या टेबलावर एक मोठा कॉम्प्युटर होता, बाकीच्या सोळांचं काम त्याच्यात जमा व्हायचं. त्याचं नाव बीड. सगळे कागद शेवटी बीडलाच जातात, हे पोरांना वेगळं सांगावं लागलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलेलं. आमच्या तालुक्याच्या गावात बँकेत नुकते कॉम्प्युटर आले होते आणि जो तो कॉम्प्युटर शिकायला निघाला होता. खतांच्या दुकानाच्या माडीवर आमचा वर्ग. खालून युरियाचा वास वर यायचा, वर चपला बाहेर काढून आत यायचं. वर्गाच्या मालकांना सगळे आबा म्हणायचे. ते राजकारणातले, बाहेर फिरणारे. वर्ग मी एकटा चालवायचो. वय अठ्ठावीस. कॉम्प्युटरमधलं गावात सगळ्यात जास्त मलाच कळतं, असं लोक म्हणायचे आणि मलाही ते हळूहळू पटायला लागलं होतं.

घाटनांदूरवर एक ताई बसायच्या. त्या खरोखरच घाटनांदूरच्या. नवरा सरकारी कचेरीत लिपिक होता, तो अचानक गेला आणि त्याच्या जागी यांना घेतलं. वय तेव्हा चौतीस-पस्तीस, पदरात एक मुलगी. नेमणुकीच्या कागदावर एक अट होती. दोन वर्षांच्या आत कॉम्प्युटरची परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र आणायचं, नाहीतर लिपिकाची जागा जाईल आणि शिपाई म्हणून राहावं लागेल. त्या पहिल्या एस.टी.ने येऊन आठ ते नऊ माझ्याकडे बसायच्या, मग कचेरीत जायच्या. पहिल्या दिवशी माऊस धरताना त्यांच्या हाताला घाम सुटला होता. चार महिन्यांत त्या पोरांपेक्षा नीट टाइप करायला लागल्या.

तेव्हा विजेचा काही भरवसा नसायचा. मी सगळ्यांना पहिला धडा हाच द्यायचो, की दर पाच मिनिटांनी सेव्ह करा. पोरं विसरायची. ताई मात्र प्रत्येक ओळीला करायच्या. कंट्रोल दाबून एस, आणि तोंडाने हळूच म्हणायच्या, "ठिवलं." धान्य कणगीत टाकल्यासारखं. शेजारची पोरं चेष्टा करायची.

"ताई, आवं त्याला जरा इसावा घेऊ द्या की. किती ठिवता?"

"तू नको ठिवू. लाइट गेली की बस मग बोंबलत," ताई म्हणायच्या.

परीक्षेला बारा दिवस उरले होते तेव्हा परीक्षा घेणाऱ्यांचं पत्र आलं. परीक्षेचा नवीन प्रोग्रॅम जुन्या विंडोजवर चालणार नाही, सर्व कॉम्प्युटरवर नवी विंडोज बसवून घ्यावी, अन्यथा केंद्र रद्द समजावं. पत्रासोबत प्रोग्रॅमची सीडी. आबा म्हणाले, "सर, हे तुमचं काम. काय लागंल ते सांगा, पण सेंटर जाऊ देऊ नका."

नवी विंडोज बसवायला एका कॉम्प्युटरला दीड तास लागायचा. सीडी वाचायची सोय फक्त बीडला. तेव्हा बीडचं झाकण उघडून तो भाग काढायचा, धारूरला जोडायचा, विंडोज चढवायची, परत काढायचा, चौसाळ्याला जोडायचा. पडद्यावर निळी पट्टी इंच इंच सरकत राहायची. ती तीन चतुर्थांश भरली की वीज जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी सकाळी आठला बसलो आणि संध्याकाळपर्यंत एकट्या धारूरचंच काम पुरं झालं. चौसाळ्याचं दोनदा अर्ध्यातून गेलं. मान आखडली होती, बोटांना स्क्रूने कापलं होतं. शिकवण्या बंद ठेवता येत नव्हत्या, परीक्षा तोंडावर. मी हिशेब केला तर हे काम परीक्षेच्या आत संपत नव्हतं.

मग मला औरंगाबादच्या एका प्रशिक्षणात बघितलेली युक्ती आठवली. एक कॉम्प्युटर संपूर्ण तयार करायचा. विंडोज, परीक्षेचा प्रोग्रॅम, सगळं. मग त्याची हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची आणि आतलं जसंच्या तसं त्याच्या डिस्कवर उतरवायचं. आमचे सोळाही कॉम्प्युटर एकाच खेपेत आलेले, आतून सारखे. त्यामुळे अडचण नव्हती. उतरवायचा प्रोग्रॅम एका फ्लॉपीत मावायचा, ती माझ्याकडे होती. मी धारूर पूर्ण तयार केलं, त्याची डिस्क काढली आणि चौसाळ्यावर उतरवली. पाव तास लागला. दीड तासाचं काम पाव तासात. मी खुर्चीत मागे टेकून नुसता हसत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सोळाही कॉम्प्युटरवर नवी विंडोज होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे एकदम चालू केले आणि ते कोकलायला लागले. प्रत्येक पडद्यावर एकच ओळ, हे नाव आधीच वापरात आहे. धारूरची नक्कल उतरवली म्हणून सगळ्यांची नावं धारूर झाली होती. चिठ्ठ्या वेगवेगळ्या आणि आत सगळे धारूर. सकाळची पोरं तर नुसती उड्या मारत होती.

"सर, समदा जिल्हा धारूर केला की तुमी."

"मंग धारूरचा किल्ला कुठं हाय? आमच्या नेकनूरला किल्ला द्या आता."

ताई आपल्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "सर, माझं घाटनांदूर कवा माघारी देता?"

मी सगळ्यांना सांगितलं की आज दुपारपर्यंत ज्याचं त्याचं गाव परत मिळेल. नाव दोन ठिकाणी बदलायचं होतं. एक विंडोजमध्ये. ते राहिलं तर कॉम्प्युटर स्वतःच ओरडून सांगायचा. दुसरं परीक्षेच्या प्रोग्रॅममध्ये. प्रोग्रॅम बसवताना एकदाच नाव विचारायचा, पुढे त्या नावानेच उत्तरं बीडकडे पाठवायचा. ते बदलायचं राहिलं तर कुणीही ओरडणार नव्हतं.

कॅलेंडरच्या एका पानामागे मी सोळा गावं लिहिली. विंडोजमधलं नाव बदललं की कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू व्हायला तीन-चार मिनिटं घ्यायचा, मग प्रोग्रॅममधलं नाव बदलायचं. त्या तीन-चार मिनिटांत हात रिकामा राहू नये म्हणून मी त्या गावापुढे आधीच टिक करून ठेवायचो. काम पुरं व्हायच्या आधी खूण. ही माझी जुनी खोड. शाळेत असताना गणित सोडवायच्या आधी मी उत्तराखाली दोन रेघा ओढून ठेवायचो.

घाटनांदूरचं विंडोजमधलं नाव बदललं, कॉम्प्युटर पुन्हा चालू व्हायला टाकला, कागदावर टिक केली आणि वीज गेली. दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. खाली जाऊन जेवलो, टपरीवर चहा घेतला. दोनेक तासांनी वीज आल्यावर वर आलो आणि कागद बघितला. घाटनांदूरपुढे टिक होती. मी शेवटच्या कॉम्प्युटरकडे वळलो.

सोळाही ठिकाणी दोन-दोन ओळी टाइप करून बीडवर सोळा फायली येतात का हे बघायला वीस मिनिटं लागली असती. तेही मी केलं नाही. आबांनी खालच्या दुकानात बसलेल्या लोकांना वर आणून कॉम्प्युटर दाखवले. "आमच्या सरांनी पंधरा दिवसांचं काम तीन दिसांत फिरवलं," म्हणाले. पुढच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या वर्गाचा निरोप आला, की आम्हालाही तुमची ती पद्धत शिकवा. मी निकालानंतरची तारीख दिली.

परीक्षा झाली. दाराजवळच्या धारूरवर आबांचा भाचा होता. तो वर्षभरात आठवड्यातून एकदा येणारा, पण स्वभावाने गरीब. अर्ध्या तासात उठला. जाताना माझ्याकडे बघून कसंनुसं हसला. ताई शेवटच्या मिनिटापर्यंत लिहीत होत्या. खिडकीखालून अधूनमधून त्यांचं "ठिवलं" ऐकू येत होतं. वेळ संपल्यावर त्यांनी शेवटचं एकदा केलं, पडद्यावर उत्तर जमा झाल्याची ओळ आली, ती त्यांनी बोट लावून वाचली आणि मग उठल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

बीडवरचा सगळा ठेवा मी फ्लॉपीत भरला, कोण कुठल्या कॉम्प्युटरवर बसलं त्याची यादी जोडली आणि पाकीट पाठवलं. एक नक्कल सवयीने स्वतःकडे ठेवली. फायली मोजल्या नाहीत.

दीड महिन्याने निकाल आला. धारूरवरच्या उमेदवाराला पहिला वर्ग, चौऱ्याऐंशी गुण. घाटनांदूरसमोर लिहिलं होतं, उत्तर प्राप्त नाही.

भाचा पेढे घेऊन आला. "सर, खरं सांगू का, मी तर दोनच ओळी मारल्या हुत्या. देव पावला म्हना." मी पेढा खाल्ला. तोवर मला काही माहीत नव्हतं.

ताई कचेरीतून मधल्या सुट्टीत आल्या. चेहरा पांढरा पडला होता. "सर, उत्तर न्हाई म्हंजे काय? मी ठिवलं हुतं की."

मी त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि माझी फ्लॉपी उघडली. फायली पंधरा होत्या. घाटनांदूर नावाची फाईलच नव्हती. मी धारूरची उघडली. परीक्षेत आपल्या गावातल्या अडचणीबद्दल अधिकाऱ्यांना पत्र टाइप करायचं होतं. पत्राच्या माथ्यावर श्री होता, दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा. तसा श्री वर्गात एकट्या ताई टाइप करायच्या, मी नको म्हटलं तरी. खाली घाटनांदूरच्या बसथांब्यावर सावली नाही, बाया लेकरं घेऊन उन्हात उभ्या राहतात, असं लिहिलं होतं. एकही चूक नव्हती.

एका मिनिटात सगळं कळलं. घाटनांदूर आतून धारूरच राहिलं होतं. भाच्याच्या दोन ओळी आधी जमा झाल्या, मग त्याच नावाने ताईंचं उत्तर येऊन त्यांच्या जागी बसलं. ताईंच्या उत्तरावर तो पास झाला होता.

मी फाईल बंद केली. पडदा बंद केला. बाहेर आलो.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी आबांना घाबरलो. ते खरं नाही. आबांकडे मी गेलोच नाही, त्यांना हे कधी कळलंही नाही. कदाचित ते म्हणालेही असते, करा दुरुस्त. मी भाच्यासाठीही गप्प बसलो नाही. दुसऱ्या दिवशी मला शेजारच्या तालुक्यात माझी पद्धत शिकवायला जायचं होतं. तिथे तीन वर्गांचे लोक जमणार होते. पाव तासात विंडोज फिरवणारा माणूस म्हणून मला बोलावलं होतं, आणि त्या माणसाने एका बाईंचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर घातलं, हे मला सांगायचं नव्हतं. एवढंच कारण होतं. एवढ्याशा कारणासाठी माणूस असं करतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "ताई, शेवटचं सेव्ह करायचं राहिलं असेल."

"न्हाई हो सर. मी..."

"घाईत होतं असं. फाईलच नाही आलेली."

त्यांनी उजवा हात वर केला, त्याच्याकडे बघितलं, मग पदराखाली घेतला. "आसंल," म्हणाल्या. "तुमी म्हंता म्हंजे आसंल. माझंच ध्यान न्हाई राह्यलं."

त्या भांडल्या असत्या तर मी कदाचित बोललो असतो. कदाचित. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढची परीक्षा सहा महिन्यांनी होती आणि त्यांची दोन वर्षं त्याच्या आधी संपत होती. मुदत वाढवून मिळावी म्हणून अर्ज करायचा ठरला. तो मीच टाइप करून दिला. 'अनवधानाने उत्तर जतन करावयाचे राहून गेल्याने' असे शब्द मीच घातले आणि खाली त्यांची सही घेतली. अर्ज नामंजूर झाला. त्या टेबलावरून उठल्या आणि त्याच कचेरीत शिपाई झाल्या. पुढे परीक्षा द्या म्हणून मी एकदा सांगून बघितलं. म्हणाल्या, "नको सर. हात इसरतो माझा."

वर्ग पुढे चार-पाच वर्षांत बंद पडला. लोकांच्या घरात कॉम्प्युटर आले, माडीवर यायचं कारण संपलं. मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि तालुक्यातल्या कचेऱ्यांची कामं घेऊ लागलो. नवी विंडोज निघाली की मला बोलावणं यायचं. ताईंची कचेरीही माझ्याकडे होती. दहाचे वीस, विसाचे तीस कॉम्प्युटर झाले. मी माझी जुनी पद्धत वापरायचो. एक तयार करायचा, बाकीच्यांवर उतरवायचा. साधनं बदलली, वेग वाढत गेला. तीस कॉम्प्युटर एका दिवसात व्हायला लागले. मात्र नावं बदलली की मी एकेका कॉम्प्युटरसमोर बसून तपासायचो. तपासून झाल्यावरच टिक करायचो. कचेरीतले लोक कंटाळून म्हणायचे, "सर, झालंय ना? मग अजून काहून बसलाव?"

आणि ताई चहा आणायच्या. वीस वर्षं त्यांनी मला चहा दिला. पहिल्यांदा कप ठेवताना त्यांनी पडद्याकडे बघितलं होतं, नंतर बघणं सोडलं. सुरुवातीला दरवेळी मी ठरवून जायचो, की आज सांगायचं. मग कुणीतरी हाक मारायचं, त्या निघून जायच्या आणि मला बरं वाटायचं. नंतर ठरवणंही बंद झालं. माणूस आपल्या लबाडीलाही थकतो. ती अंगावरच्या जुन्या दुखण्यासारखी होऊन बसते. हवा पालटली की ठणकते, एरवी आहे हेही आठवत नाही.

कचेरीच्या किल्ल्या ताईंकडे असायच्या. संध्याकाळी कुलूप लावलं की त्या ते तीनदा ओढून बघायच्या. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरायच्या आणि परत वर जाऊन आणखी एकदा ओढायच्या. सगळ्या कचेरीला ही गोष्ट माहीत होती. तरुण लिपिक त्यांना मावशी म्हणायचे.

"मावशी, कुलूप तुटंल ओढून ओढून. एकदा लावलं की लागलं म्हनायचं."

"तुमचं लागतं बाबा. माझ्या हाताला इसर हाय," त्या म्हणायच्या.

"मावशी पोळी तव्यावर टाकली का न्हाई तेबी चारदा बघत असतील," दुसरा म्हणायचा. सगळे हसायचे. मी तिथे बसलेला असायचो. मीही थोडा हसायचो, कारण न हसणं लोकांच्या लक्षात आलं असतं.

एकदा त्यांच्या मुलीने मला बाजारात थांबवलं. ती तोवर शिक्षिका झाली होती. म्हणाली, "सर, आईला कुणा डॉक्टरला दाखवू का हो? गॅस बंद केलाय का, हे रोज सहा वेळा उठून बघते. विसरत काहीच नाही. पण तिला वाटतं, विसरली." मी म्हणालो, वयामुळे होतं. हे मी केलेलं दुसरं पाप. पहिलं तरी एका दिवसाच्या घाबरटपणाने झालं होतं.

गेल्या वर्षी ताई निवृत्त झाल्या. कचेरीतल्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. शाल, नारळ, घड्याळ. मलाही बोलावलं, जुने सर म्हणून दोन शब्द बोलायला. मी लवकर गेलो. हॉलबाहेर व्हरांड्यात पाण्याच्या टाकीजवळ त्या एकट्याच उभ्या होत्या. नवं लुगडं, हातात अजून किल्ल्यांचा जुडगा. दुसऱ्या दिवसापासून त्या भेटणार नव्हत्या. आणखी पंचवीस वर्षं मिळणार नव्हती.

मी सांगितलं. कागदावरच्या खुणेपासून फायलीपर्यंत सगळं. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे मी ठिवलं हुतं?"

"हो."

"त्या सावलीचं पत्र?"

"हो. एकही चूक नव्हती. चौऱ्याऐंशी गुण पडले होते."

"चौऱ्याऐंशी," त्या म्हणाल्या. मी हात जोडले. रडूही आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मला एकटीला सांगून तुमचं हलकं झालं, सर. माझं कुठं झालं? मी येंधळी हाय हे समद्यांला म्हाईत हाय. माझ्या लेकीला म्हाईत हाय, जावयाला म्हाईत हाय. आत चला. आत सांगा."

"ताई, आजचा तुमचा दिवस..."

"माझाच हाय म्हनून तर सांगा."

आत पन्नासेक माणसं होती. साहेब बोलले, एक-दोन लिपिक बोलले, आणि एकाने कुलपाचा किस्सा सांगितलाच. मावशींच्या नोकरीत कचेरीत चोरी झाली नाही, कारण कुलूपच त्यांना घाबरायचं. हशा झाला. मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. पाठ केल्यासारखा वर्गाबद्दल बोललो, गावांच्या नावांबद्दल बोललो, मग म्हणालो, त्या वेळी एक तांत्रिक चूक झाली आणि त्यामुळे ताईंचं उत्तर दुसऱ्या नावाने गेलं. त्या नापास नव्हत्या.

एवढं बोलून मी थांबलो. लोक एकमेकांकडे बघत होते. कुणाला नीट कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाला नीट कळू नये अशाच शब्दांत मी ते सांगितलं होतं. मी बसायला वळलो.

ताई मधल्या खुर्चीत शाल पांघरून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, माइक नव्हता तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेलं, "चूक झाली न्हाई. सरांनी केली, आन मला सांगितलं की तू इसरली. मी इसरले न्हवते. मी ठिवलं हुतं."

मी माइकसमोर उभाच होतो. "हो," मी म्हणालो. "चूक मी केली. ताईंनी ठेवलं होतं. मला त्याच दिवशी माहीत होतं आणि मी खोटं बोललो."

पहिल्या रांगेत ताईंची मुलगी होती, ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेबद्दल मला लिहिता येत नाही. साहेबांनी घसा साफ केला आणि पुढचा हार मागवला. नंतर चहा आला, तो कुणी दिला ते मी बघितलं नाही. ज्या लिपिकाने कुलपाचा किस्सा सांगितला होता तो ताईंजवळ जाऊन खाली बसला आणि काहीतरी म्हणाला. त्या म्हणाल्या, "र्‍हाऊ दे. तुला काय म्हाईत."

कार्यक्रम संपला. ताईंनी किल्ल्या नव्या शिपायाकडे दिल्या आणि शेवटचं कुलूप मीच लावते म्हणाल्या. मुलगी सोडून सगळे जिन्याखाली थांबले. मी थोडा लांब उभा होतो. त्यांनी कुलूप लावलं, ओढलं. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदाही ओढलं. मग मुलीचा हात धरून जिना उतरू लागल्या. दोन पायऱ्यांवर थांबल्या, मागे बघितलं, आणि मुलगी काही बोलायच्या आत परत वर गेल्या.